अजिंठ्याचा चढ आईला झेपेल का?

प्रश्न : ग्रीसमधल्या मेतेओराचे कड्यावरचे मठ टीव्हीवर पाहिल्यापासून सत्तरीतल्या आईला तसे काही बघायचे आहे. अजिंठा जवळच आहे, पण ती तर देवळे ना? चढ झेपेल का? वेरूळही त्याच दिवशी करावे म्हणतो.
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिंठ्यात ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे म्हणजे प्रार्थनास्थळे, बाकी जवळजवळ सगळे विहार, म्हणजे भिक्खूंचे मठच. बाराव्या लेण्यातल्या खोल्यांत दगडी बिछाने आजही दिसतात. मेतेओराचे मठ सुळक्यांच्या माथ्यावर बांधलेले, हे वाघोरा नदीच्या कड्यात कोरलेले. त्यामुळे आईंना माथा गाठावा लागत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या मात्र दमवतात. तिथे डोली मिळते; दर आधी ठरवा. फर्दापूर फाट्यापासून पुढे बसने जावे लागते. ‘त्यापेक्षा मकबऱ्यामागची औरंगाबाद लेणी बरी’ असे कुणी सुचवेल, पण जवळचे ते सोपे असे नसते, तिथेही पायऱ्या आहेतच. एका दिवसाचा बेत मात्र सोडा. अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, वेरूळ तीसेक आणि तेही वेगळ्या दिशेला. घाईत चित्रे बघण्यात अर्थ नाही, मंद उजेडाला डोळे सरावायलाच वेळ लागतो. फ्लॅश वापरू नका. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असते. गुडघे फारच दुखत असतील, तर आधी वेरूळचे कैलास दाखवा, ते रस्त्यालगतच आहे.