गुडघा आणि पोट

भाताची लावणी आटोपली की कंबर धरते. थंडीत गुडघे ठणकतात. मग दुकानातून एक गोळी आणायची, उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची नि कामाला लागायचं. गोळीने बरं वाटतं, हे खरे. पण ती पोटात जाऊन काय करते, ते आपण पाहू.

आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचे झाड असते. त्याच्या जातीची झाडे इंग्लंडातही आहेत. तिथल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने १७६३ साली लिहून कळवले की, त्या झाडाच्या सालीची पूड दिली की ताप उतरतो. सालीतल्या या गुणाचा माग काढता काढता १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले.

सांधा सुजतो तेव्हा शरीर तिथे काही द्रव्ये तयार करते. त्यांनी ठणका वाढतो. ॲस्पिरिन ही द्रव्ये होऊ देत नाही. जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने हे १९७१ साली दाखवून दिले.

आता गंमत पाहा. तशीच द्रव्ये जठरात मात्र चांगले काम करतात. अन्न पचवणारे आम्ल फार जहाल असते. त्याने जठर आतून भाजू नये म्हणून तिथे एक बुळबुळीत थर असतो. भिंतीला सारवण असते ना, तसाच म्हणा. ती द्रव्ये हा थर राखतात. गोळीला गुडघा कुठला नि जठर कुठले, हे कळत नाही. ती दोन्हीकडची द्रव्ये बंद करते. मग थर पातळ होतो, जखम पडते, रक्त झिरपू लागते.

हे ओळखायचे कसे? शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होते. उलटी चहाच्या चोथ्यासारखी काळपट पडते. पोट दुखेलच असे नाही! म्हणून वाट पाहू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची नावे निराळी, पण चाल हीच. एकीने भागेना म्हणून वर दुसरी घेऊ नका. जेवून घेतलेली गोळी पोटाला थोडी सोसते, इतकेच. म्हाताऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना आणि पूर्वी पोटात जखम झालेल्यांना धोका अधिक. मुलांच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनीही यांतली कोणतीच गोळी घेऊ नये.

हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची ॲस्पिरिन दिली असेल, तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका. गुडघ्यासाठी औषध मागताना ते आधी सांगा, आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.