आवाजातली भावना मेंदूला कशी कळते?

"आलास?" हा एकच शब्द घ्या. आई दारात म्हणते तेव्हा तो वेगळा असतो आणि प्रार्थना संपल्यावर पोचलेल्या मुलाला सर म्हणतात तेव्हा वेगळा. अक्षरं तीच, पण दुसऱ्या वेळी मूल उंबऱ्यातच थबकतं. आवाजाची पट्टी, वेग, जोर यांवरून त्याला पुढचं सगळं कळलेलं असतं.

शिक्षक-पालक मित्रहो, हे वाचन मेंदू कुठे करतो? पास्कल बेलिन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं, की दोन्ही कानशिलांच्या आत मेंदूचे काही भाग इतर आवाजांपेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात. तिथून पुढे शब्दांचा अर्थ लावण्याचं काम बहुतेकांत मुख्यतः डावी बाजू करते, तर सुरातली भावना ओळखण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. मात्र काम दोन्ही बाजू मिळून करतात, म्हणून 'डावा मेंदू तर्काचा, उजवा भावनेचा' असले तक्ते वर्गात लावू नका.

उजव्या बाजूचं महत्त्व कळतं ते एका शिक्षिकेच्या गोष्टीतून. एलियट रॉस आणि मार्सेल मेसुलम या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1979 साली तिची नोंद केली. पक्षाघाताने तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती. बोलणं स्पष्ट, शब्द बिनचूक, मनात रागही यायचा; पण तो आवाजात उतरेना. सगळं एका सपाट सुरात. परिणाम काय, तर वर्ग आवरेना! शेवटी ती वाक्याला जोडून सांगू लागली, की मी रागावले आहे आणि हे खरंच म्हणते आहे. रोज पट्टी न उचलता केवळ आवाजावर वर्ग सांभाळणाऱ्यांना यातलं दुखणं लगेच कळेल.

आता मुलांकडे येऊ. शब्द एक आणि सूर दुसराच असेल तर? ब्रूस मॉर्टन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2001 साली कॅनडात हेच तपासलं. आनंदाची गोष्ट दुःखी आवाजात ऐकवली, की मोठी माणसं सुरावर विश्वास ठेवत. चार वर्षांची मुलं बहुधा शब्दांवर. हा कल वयानुसार हळूहळू बदलत जातो. गंमत म्हणजे, शब्द कळेनासे केले की लहान मुलंही नुसत्या सुरावरून भावना ओळखत. म्हणजे सूर ऐकू येतो, पण शब्द त्याच्यावर मात करतात.

म्हणून बालवाडीत किंवा पहिलीत "वा, काय सुंदर अक्षर!" असा टोमणा मारलात, तर ते पोर घरी जाऊन खुशाल सांगेल, बाईंनी शाबासकी दिली. चूक दाखवायची तर सरळ शब्दांत दाखवावी: "हा काना पुन्हा काढ."

वर्गात करून बघा. "आज पाऊस आहे" हे वाक्य पाठमोरं उभं राहून आनंदाने, रागाने, घाबरून म्हणा. मुलं भावना ओळखतीलच, मग विचारा, "कशावरून ओळखलंस?"