पाय काय सांगतात?

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार छळले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेताना त्यांच्या हातात काठी होती. फोटोतली ती काठी आपल्याला दिसते. घरात आईच्या पायाला मुंग्या येतात, तेव्हा मात्र "वय झालं आता" म्हणून आपण गप्प बसतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात. सगळ्यांत लांब नसा पायाच्या, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, मग बधिरपणा. दुखायचे थांबले म्हणून माणूस खूश होतो, आणि खरा धोका तिथेच असतो. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, खिळा रुतलेला कळत नाही, गरम पाण्याने शेकताना कातडी भाजते. मग हळद-चुना, तंबाखू बांधून आठवडा जातो, बोट काळे पडते आणि पाय कापायची वेळ येते. साखर असणाऱ्यांनी रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावे, यात लाज कसली? कुरूप ब्लेडने कापू नये. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा दोन्ही भर उन्हाळ्यात येतात; विहाराच्या तापलेल्या फरशीवर पायमोजे घालून चालावे.

दोन्ही पायांना सूज, बोटाने दाबल्यावर खळगा राहतो? मूत्रपिंड, हृदय, यकृत किंवा अंगात रक्त कमी असणे, यांपैकी काहीही असू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सूज येते, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा गरोदर बाईला सुजेबरोबर डोकेदुखी, अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चालताना पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते, हे रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे लक्षण. विडी-तंबाखू यात मोठी गुन्हेगार, आणि आपल्या बायकांची मिसरीही तंबाखूच. फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

तिशीनंतर साखर आणि रक्तदाब सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे साखरेचा कागद दाखवून लगेच उठू नका. चप्पल काढून पायही दाखवा.