प्रसाद आणि उद्याची धास्ती



पानात पुरणपोळी वाढलेली असते, घरची माणसे भोवती असतात, तरी घास गोड लागत नाही. मुलाला नोकरी लागते आणि आईला त्याच रात्री घोर लागतो, ती टिकेल ना? दुःखाच्या दिवशी सुख लागू नये हे समजते. सुखाच्या दिवशीही का लागू नये?

षट्स्थलांत भक्त आणि महेश यांच्यानंतर प्रसादी हे तिसरे स्थल येते. प्रसाद या शब्दाचा एक अर्थ प्रसन्नता असा आहे. जे वाट्याला आले ते प्रसन्न मनाने स्वीकारतो तो प्रसादी. चिंता नेमकी ही प्रसन्नताच हिरावून नेते. भ्यालेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, भूक मंदावते, चित्त संकटाची चाहूल घेत राहते. अशा वेळी जिभेला चव कळणार कशी? म्हणून गोड न लागणाऱ्याला कृतघ्न म्हणू नये.

आता बाराव्या शतकातील कल्याणनगरीत चला. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. अक्की म्हणजे तांदूळ. त्यावरच त्याचे घर आणि दासोह चाले. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्माने ते ओळखले, ही आशा आहे असे बजावले आणि जास्तीचे तांदूळ होते तिथे टाकून यायला लावले.

लक्कम्मा बेफिकीर होती काय? मुळीच नाही. उद्याचे कायक उद्या होतेच. आपण मात्र उद्याची धास्ती ओटीत भरून आज घरी आणतो, आणि तिच्या ओझ्याखाली आजचा घास विसरतो. तजवीज करावी, ती केली की संपते. चिंता कितीही केली तरी संपत नाही, हीच दोहोंतील खूण.

तेव्हा साधक हो, एवढे करून पाहा. उद्याचे जे काम हातात आहे ते जेवणापूर्वी ठरवून टाका. मग पहिला घास सावकाश घ्या, त्याची चव ओळखा. मन पळाले तर न रागावता परत आणा. झोप आणि भूक कित्येक आठवडे हरपली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

आणि पानातले कोणाबरोबर तरी वाटून खा. दासोहात हात गुंतला की मनातली मोजदाद थोडी थांबते.

शरणु शरणार्थी.