शोध घे, पण स्वतःच्या सहीने

पालघर

चि. सायली,

जन्म देणारी कोण, हे तुला जाणून घ्यावंसं वाटलं यात वावगं काही नाही. वहिनीचे, तुझ्या आईचे, डोळे भरले खरे, पण ती समजून घेईल. मला काळजी आहे ती बोईसर स्टेशनजवळच्या त्या एजंटाची. पैसे घेऊन हॉस्पिटलातून नाव काढून देतो म्हणे! त्याच्या नादी लागू नकोस. 2022 च्या दत्तक नियमावलीत त्रयस्थाला असा शोध घेताच येत नाही. 18 पूर्ण झालेल्या दत्तक मुलामुलींनी स्वतः 'कारा'कडे, म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, ऑनलाइन अर्ज करायचा. पुढे दत्तक संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने मदत करायची.

हे इतकं सोपं पूर्वी नव्हतं. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या अरुण डोहले यांना स्वतःचीच कागदपत्रं मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

कोर्टात असताना अशा फायली माझ्या हातून गेल्यात. आत फार काही नसतं. बाळाचं वजन, लसींची नोंद, मूल सोपवताना लिहून दिलेला कागद, त्याखाली अंगठा, आणि कारणाच्या जागी नुसतं 'अविवाहित'. मूल टाकून दिलेलं असेल तर तेवढंही नाही, पोलिसांचा कागद फक्त. तेव्हा फार आस लावून बसू नकोस.

जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोडलं एवढंच तुला कळेल. मग व्हॉट्सॲपवर फोटो फिरवायचे नाहीत. तिच्या घरी कदाचित कुणालाच माहीत नसेल.

मला एक मात्र खटकतं. शोधाची ही तरतूद दत्तक गेलेल्यांसाठीच आहे. पोर सुखरूप आहे का, एवढं विचारायलाही त्या बाईला अशी खिडकी नाही. ती असायला हवी.

तुझ्या वेळी पालघर जिल्हाच नव्हता, तो झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे कोर्टाचे कागद ठाण्याला. दादाकडून दत्तकाच्या आदेशाची झेरॉक्स घे आणि रविवारी ये, अर्ज एकत्र बसून भरू.

तुझा,
काका