समुद्रशेतीतील नत्राचा दुष्काळ

शेतातील पीक पिवळे पडू लागले की नत्र कमी पडल्याचे शेतकऱ्याच्या ध्यानी येते. समुद्रातील पिकासही हाच न्याय लागू आहे. जपानमधील क्यूशू बेटालगतच्या आरिआके समुद्रात ‘नोरी’ या तांबड्या वर्गातील खाद्य शेवाळाची लागवड हिवाळ्यात जाळ्यांवर करतात. २०००-०१ च्या हंगामात तेथे डायटम या सूक्ष्म शैवलांची बेसुमार वाढ झाली. पाण्यातील पोषकद्रव्ये त्यांनीच फस्त केली आणि एरवी काळसर, तुकतुकीत दिसणारी नोरी फिकट पडून कवडीमोल ठरली. मच्छीमारांनी १९९७ मध्ये इसाहाया उपसागरास घातलेल्या बांधाला दोष दिला. तो वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयांत चालला.

हा रंग उडतो कसा? नोरीच्या पेशीत फायकोएरिथ्रिन नावाचे लाल रंगद्रव्य असते. ते मुळात एक प्रथिन असून सूर्यप्रकाश टिपणे हे त्याचे नेहमीचे काम होय. तथापि प्रथिन म्हटले की त्यात नत्र आलेच. बाहेरून नत्र मिळेनासे झाले म्हणजे पेशी हे रंगद्रव्य मोडते, त्यातील अमिनो आम्ले सोडवून घेते आणि जगण्यास अधिक निकडीच्या प्रथिनांकडे वळविते. अडचणीच्या वर्षी घरातील दागिना मोडावा, तसाच हा प्रकार! रंग उडणे हे केवळ रोगाचे लक्षण नसून काटकसरीचेही आहे.

त्याच वेळी पेशीच्या आवरणावर दुसरी तजवीज चालते. नायट्रेट व अमोनियम आत ओढून घेणारी वाहक प्रथिने तेथे असतात. नत्राची उणीव भासताच ती घडविणारी जनुके अधिक जोमाने कार्य करू लागतात, असे नोरीवरील संशोधनात आढळून आले आहे. स्फुरदाची टंचाई असल्यास अनेक समुद्रशेवाळे आपल्या पृष्ठभागावर फॉस्फटेज हे विकर वाढवितात. सेंद्रिय संयुगांत अडकलेले स्फुरद त्यामुळे मोकळे होते. पोषकद्रव्ये पुन्हा लाभली, तर पेशी जिवंत असेतोवर रंगही परत येतो.

आपल्या कोकण किनाऱ्यावरील खडकांवर वाढणाऱ्या ग्रासिलारियाच्या बाबतीत हिशेब थोडा निराळा आहे. या वंशातील शेवाळांपासून अगर काढतात. नत्र अपुरे पडले की प्रथिनांत न वापरलेला कार्बन साठ्यात व पेशीभित्तिकेत जातो आणि अगरचे प्रमाण वाढते; मात्र वाढ खुंटते. म्हणून अशा शेवाळास आधी भरपूर पोषण द्यावे आणि काढणीपूर्वी काही काळ ते तोडावे, ही पद्धत प्रयोगांत उपयुक्त ठरली आहे.