पेटीतला कागद आणि आपला जिल्हा



या महिन्याच्या पाठाला पुस्तक लागणार नाही. घरात जुन्या कागदांची पेटी असेल ती खाली काढा. सासऱ्यांचा शाळेचा दाखला, आजेसासऱ्यांची जमिनीची पावती, कोतवाल बुकाची नक्कल, जे असेल ते. आणि त्यावर जिल्ह्याचं नाव काय लिहिलंय ते वाचा. जिला वाचता येत नाही तिनं नातवाकडून वाचून घ्यावं.

बहुतेकींच्या कागदावर ‘गडचिरोली जिल्हा’ असं नसेलच. म्हणून कागद चुकीचा आहे असं समजू नका. आमच्या घरी तशीच गडबड झाली. मुलाच्या जमातीच्या दाखल्यासाठी आम्ही आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा नेला. त्यावर ‘तहसील सिरोंचा, जिल्हा चांदा’ असं होतं. आमचं गाव आज अहेरी तालुक्यात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, हा तुमचा कागद नाही, गावही दुसरं आणि जिल्हाही दुसरा. आम्ही दोन खेपा रिकाम्या हातानं परत आलो. मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. शेवटी गावातल्या निवृत्त गुरुजींनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, तेव्हा अर्ज पुढे सरकला. त्या चार ओळी म्हणजेच आपल्या जिल्ह्याचा इतिहास होता.

तो असा. आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता आणि चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. चांद्याला गोंड राजांचं राज्य होतं. १७५१ मध्ये ते नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं आणि पुढे शंभरेक वर्षांनी इंग्रजांकडे. सिरोंच्याची गोष्ट आणखी वेगळी. ते निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आलं, काही वर्षं ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं आणि १८७४ मध्ये चांद्याला जोडलं गेलं. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये झाली, तीही चांदा आणि ब्रह्मपुरीकडच्या जमीनदाऱ्या काढून. तेव्हा अहेरीसारखी मोठी जमीनदारी सिरोंचा तहसिलीत धरली जायची. म्हणून आमच्या सासऱ्यांच्या दाखल्यावर सिरोंचा आलं.

वरचं राज्यही बदलत गेलं. इंग्रजांच्या वेळी आपण ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’मध्ये. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुण्यामुंबईकडच्या बाया ‘तालुका’ म्हणतात आणि आपण अजून ‘तहसील’ म्हणतो, ती त्या जुन्या मध्यप्रांताची सवय आहे.

आता हे दाखल्याला कुठं लागतं ते बघा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे १९५० चा खरा कागद असेल तर त्यावर महाराष्ट्र कसा असेल? त्या दिवशी महाराष्ट्र नव्हताच. कागद जितका जुना, तितकं त्यावरचं जिल्ह्याचं नाव वेगळं, आणि नेमका तोच कागद कामाचा. ‘हा आपल्या जिल्ह्याचा नाही’ म्हणून पेटीतून काढून चुलीत घातला असेल तर काय गेलं ते समजून घ्या.

आता थोडं नदीकडे जाऊ. आपल्या जिल्ह्याच्या सीमा माणसांनी कमी आणि नद्यांनी जास्त आखल्यात. पश्चिमेला वैनगंगा, तिच्या पलीकडे चंद्रपूर. वैनगंगेला वर्धा मिळाली की पुढे तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता खाली सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, समोर तेलंगणातलं काळेश्वर. पूर्वेला इंद्रावती, तिच्या पलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. वडसा-आरमोरीकडे धानाच्या बांध्या, झाडीबोली आणि दिवाळीनंतर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. सिरोंच्याकडे घराघरात तेलुगू. भामरागडात माडिया. धानोरा-एटापल्लीत गोंडी. कोरचीकडे छत्तीसगडी कानावर पडते. मुलचेरा-चामोर्शीत १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं. एकाच जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला बसलो तर चहाच्या सुट्टीत पाच भाषा ऐकू येतात.

नदीला सीमा म्हणायचं ते सरकारनं. आपल्या लोकांनी तिला कायम वाट मानलं. डोंग्यानं पलीकडे जाऊन बाजार केला, मिरची तोडायला गेलो, सोयरीक जुळवली. माझंच माहेर प्राणहितेच्या पलीकडचं. माझ्या आजीच्या कागदावर ‘हैदराबाद संस्थान, आदिलाबाद जिल्हा’ आहे, आईच्या कागदावर आंध्र प्रदेश, आणि २ जून २०१४ पासून माझी भाची तेलंगणाची. गाव तेच, घरही तेच. इंद्रावतीकडच्या बायांच्या माहेरचं राज्यही १ नोव्हेंबर २००० ला मध्य प्रदेशचं छत्तीसगड झालं.

सुनेला मात्र ही सीमा फार जड जाते. लग्नानं जमात बदलत नाही, ती वडिलांकडून धरतात. आणि एका राज्याचा जमातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी आपोआप चालत नाही, जमातीचं नाव दोन्हीकडच्या यादीत असलं तरीही. मी गोंड, माझा नवरा गोंड, नदीच्या दोन्ही काठांवर आमचा देव एकच. तरी माझ्या माहेरच्या दाखल्यावर मला इथे राखीव जागेवर उभं राहता आलं नाही. मुलांना अडचण आली नाही, कारण त्यांचा दाखला त्यांच्या वडिलांच्या घराण्यावरून निघाला. बंगाली मैत्रिणींचं दुःख याहून मोठं आहे. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. मला हा न्याय पटत नाही. पण नियम आधी माहीत असला तर निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करून पैसे घालवायची वेळ येत नाही. पलीकडून सून आणत असाल तर तिचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि तिच्या वडिलांचे कागद लग्नाच्या वेळीच मागून घ्या. भांड्यांची यादी करतो तशी ही यादीही करा.

इतिहास म्हटलं की शाळेत बाबूराव शेडमाके शिकवतात. मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार, १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला फाशी गेले. वय पंचवीस. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता, हेही इतिहासात लिहिलंय. सत्ता हातात असलेली बाई आपल्या इलाख्यात पूर्वीही होती, ती कोणत्या बाजूनं उभी राहिली हा प्रश्न निराळा. मुलींना सांगताना दोन्ही नावं सांगा.

जमिनीच्या बाबतीत तर जुना कागद आणखी मोलाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी कुटुंबाचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहिल्याचं दाखवावं लागतं. हिशोब थेट १९३० पर्यंत जातो. त्या वेळच्या कागदावर मध्यप्रांतच असणार. कागद नसेल तर सगळं संपलं असं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, जुनी विहीर, घराची जोती, स्मशान, देवाची जागा, हेही पुरावे धरतात. सामूहिक हक्कासाठी निस्तार पत्रकाला मोठी किंमत आहे. जमीनदाऱ्या गेल्यावर, १९५० नंतर, गावाला कोणत्या जंगलातून लाकूड, बांबू, चराई मिळेल ते त्यात लिहिलं गेलं. धानोऱ्याच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आले.

यात बाईचं काय? पुष्कळ आहे. लग्न झालेल्या जोडप्याला पट्टा दोघांच्या नावानं द्यायचा असं कायद्यात लिहिलंय. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात आणि दाव्याच्या ग्रामसभेला हजर असलेल्यांतही तेवढ्याच. तुमच्या घरी पट्टा असेल तर आजच काढून बघा, त्यावर तुमचं नाव आहे का. नसेल तर पुढच्या बैठकीत सांगा, आपण एकत्र अर्ज करू.

जाता जाता कामाच्या गोष्टी. नक्कल मागताना अर्जात गावाचं नाव, आजची तहसील आणि त्या काळची तहसील व जिल्हा, सगळं लिहा. ‘सध्या जिल्हा गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी जिल्हा चंद्रपूर (चांदा)’ ही ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. आडनाव किंवा जमात वेगवेगळ्या कागदांवर वेगळी लिहिलेली असेल, एकीकडे गोंड आणि दुसरीकडे माडिया, तर स्वतः पेनानं दुरुस्त करू नका, खाडाखोड दिसली की कागद बाद होतो. कागदाला लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पेटी भुईवर ठेवू नका, आपल्याकडे वाळवी फार. भामरागडाकडच्या बायांनी पर्लकोटेला पूर यायच्या आधी पिशवी उंचावर टांगावी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला सगळ्यात जुना कागद आणावा. फोटोकॉपी नको, मूळच आणा, बघून लगेच परत नेता येईल. आपण ते तारखेप्रमाणे सतरंजीवर ओळीनं मांडू.